भेगांचं हळदीकुंकू

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात असा रिवाज होता, की कुणाच्या घरात भाड्यानं राहायचं तर आपली एक चांगली वस्तू घरमालकाकडे अनामत ठेवायची. घर सोडताना भिंती धड असल्या, की वस्तू परत. रिवाज चांगला होता. फक्त 'धड' म्हणजे काय, ते मालक ठरवत असत.

त्या राज्यातल्या एका गावात एक विणकर आणि त्याची नवी नवरी बिऱ्हाड मांडायला आले. त्यांच्याकडे चांगली वस्तू एकच होती, नवरीला आईनं रुखवतात दिलेलं तांब्याचं घंगाळ. ते मालकांच्या ओसरीवर टेकलं, तेव्हा मालकीणबाईंनी त्यावरून मायेनं हात फिरवला. नवरीनं ते पाहिलं. ती मुळातच फार बोलत नसे. पाहत मात्र सगळं असे.

पहिल्याच दिवशी तिनं आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. पहिला मान मालकीणबाईंचा. उंबरठ्याला कुंकू लागलं, चुलीला लागलं. मग नवरी करंडा घेऊन भिंतीतल्या एका लांबलचक भेगेपुढे उभी राहिली.

"हिलाही लावा ना, काकू."

"अगं, भेगेला कसलं कुंकू?"

"ह्या माझ्या आधीपासून इथं राहतात. त्यांचा मान नको का ठेवायला?"

बायका खदखदून हसल्या. मालकीणबाईंनाही मौज वाटली. त्यांनी आपल्या बोटानं त्या भेगेला हळदीकुंकू लावलं, मग कोपऱ्यातलीला, मग खिडकीखालचीला. अशा अकरा भेगा निघाल्या. सगळ्यांना गूळखोबरं वाटलं गेलं, आणि विणकराची बायको जरा खुळी आहे, असं आळीत एकमतानं ठरलं.

वर्ष सुखात गेलं. दर सणाला उंबरठ्याबरोबर भेगांचंही कुंकू ताजं होई. तिकडे मालकीणबाई रोज सकाळी घंगाळातल्या ऊन पाण्यानं न्हात, आणि तांब्याच्या पाण्यानं गुडघे कसे मोकळे झाले, ते येईल त्याला सांगत.

मग विणकराला दूरच्या गावी चांगलं काम मिळालं. तिथं खोलीही ठरली. पण तिथल्या मालकालाही अनामत हवी होती, आणि घंगाळ तर एकच. ते हाती आलं तरच तिथलं दार उघडणार होतं.

निघायच्या दिवशी बैलगाडी दारात लागली. घरमालक आले, भिंतींवरून नजर फिरवली आणि मोठा सुस्कारा सोडला. केवढ्या या भेगा पाडल्यात, म्हणाले. घराची पार रया घालवली. आता घंगाळ विसरायचं. खरं तर वर एक परातही मागायला हवी, पण जाऊ दे, लेकरं आहात.

विणकराचा चेहरा उतरला. नवरीनं पदर खोचला.

"काका, कुंकू लावलेल्या भेगा आम्ही यायच्या आधीच्या आहेत. आमची म्हणाल तर ही एवढी, खुंटी ठोकताना पडलेली. ती सकाळीच लिंपली, अजून ओली आहे."

"कुंकू काय, कालसुद्धा लावलं असशील," मालक म्हणाले. "आधीच्या आहेत याला साक्षीला कोण?"

आळीतल्या बायका दारात जमल्या होत्या, मालकीणबाईही त्यांच्यातच होत्या. सगळ्यांचे डोळे मालकीणबाईंकडे वळले. नवरीनंही त्यांच्याकडे पाहिलं. रोजचं ऊन पाणी कुणाला सुटतं?

मालकीणबाईंनी आधी आपल्या गुडघ्यांचा विचार केला. मग आपल्या बोटाकडे पाहिलं.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी याच बोटानं लावलंय मी. अकराही भेगा आपल्याच आहेत, अहो. ती मोठी तर मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची. दर दिवाळीला बुजवतो म्हणता."

सगळी आळी हसली. मग मालकही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

मालकीणबाईंनी घंगाळ चिंचेनं घासून लख्ख करूनच गाडीत चढवलं. नवरीनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि गुडघ्यांना गुंडाळायला नवऱ्यानं विणलेली लोकरीची पट्टी दिली. त्या दिवाळीला मालकांनी खरोखरच भेगा बुजवल्या. पुढच्या भाडेकरूसमोर बायकोचं बोट पुन्हा उठायला नको, म्हणून.

इकडे निघाल्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत गाडी नव्या गावी पोचली. नवा मालक दारातच उभा होता, नजर घंगाळावर. नवरीनं खाली उतरून करंडा हातात घेतला.

"काकू घरात आहेत ना?" तिनं विचारलं. "हळदीकुंकवाला बोलवायचंय."

तात्पर्य : घरात शिरताना दोघांनी मिळून पाहिलेली भेग, निघताना एकाच्या माथी मारता येत नाही.