वर म्हणजे कुठे?

फार पूर्वीची गोष्ट आहे, पण वेळ पक्की माहीत आहे. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. एका कोळीवाड्यात एक कोळीण आठ महिन्यांच्या बाळाला पेज भरवत होती. तेवढ्यात टेकडीवरून हाळी आली, "वादळ वर सरकतंय हो."

त्या काळी निरोप असेच यायचे. दूर दक्षिणेपासून किनाऱ्याला सात टेकड्या होत्या आणि प्रत्येक टेकडीवर एक हाळीवाला बसलेला असायचा. पहिल्याने दर्यात काही पाहिलं की तो ओरडायचा, दुसरा ते ऐकून पुढे ओरडायचा. सातवी टेकडी या कोळीवाड्याची. म्हणून तिथे बातमी सगळ्यांत शेवटी पोचायची.

कोळिणीचा हात वाटीतच राहिला. नवऱ्याची होडी आजच निघायची होती. भरती पुरी झाली की सगळ्या होड्या सुटणार. वादळ वर सरकतंय म्हणजे आता जायचं की नाही जायचं? तिला काही केल्या समजेना.

बाळाला कडेवर घेऊन ती शेजारणीकडे गेली. शेजारीण मासे खारवत बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, वर म्हणजे आभाळात, विरून गेलं असणार, कशाला जिवाला घोर लावून घेतेस. पलीकडच्या आजोबांनी समजावलं, वर म्हणजे घाटावर. घाटावरच्या बाजाराला आपण वरचा बाजार म्हणतो ना, तसंच. वादळ डोंगरात गेलं, दर्या मोकळा झाला. जाळं सांधत बसलेला एकजण म्हणाला, छे, वर म्हणजे खोल पाण्याकडे, आपल्याला त्याचं काय. तिघांचं वर तीन ठिकाणी, आणि तिघांनाही तिळभर शंका नाही.

दर्याकडे बघावं तर तोही धड काही सांगेना. वारा अगदीच पडला होता, माडाची झावळी हलत नव्हती. तरीही लाटा येत होत्या, लांबच लांब आणि जड, पोटात काहीतरी दडवून आणल्यासारख्या. वारा नाही तर लाटा कुठून येतात? दक्षिणेला आभाळ तांबूस आणि डोक्यावर मात्र निळंशार. उकाडा असा की बाळाच्या मानेवर घामोळं उठलं होतं.

तिला आपलं लग्न झालं तेव्हाचं आठवलं. सासूने सांगितलं होतं, वरच्या विहिरीचं पाणी आण. तिच्या माहेरी वर म्हणजे खाडीच्या आतल्या अंगाला. ती कळशी घेऊन खाडीच्या काठाकाठाने कोसभर गेली आणि कुठल्याशा विहिरीचं मचूळ पाणी घेऊन आली. सासूची विहीर घरामागच्या चढावर होती. सगळा कोळीवाडा आठ दिवस हसला. तेव्हापासून तिला एक कळलं होतं, हा शब्द गावागणिक आपली जागा बदलतो.

मग आज हा शब्द कुणाच्या गावचा?

ती बंदरावर आली. होड्या पाण्यात ढकलून झाल्या होत्या. सगळ्यांचा पुढारी म्हणजे म्हातारा तांडेल. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, त्याने खूण केल्याशिवाय एकही दोर सुटत नसे. कोळिणीने पदर सावरून विचारलं, "तांडेलबाबा, वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर गो," तांडेल म्हणाला. "खाली नाही ते वर. परत विहीर चुकलीस काय?"

सगळे खो खो हसले. नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हळूच म्हणाला, "अगं, सगळ्यांना कळलं, तुलाच कसं कळत नाही?"

"मला नाही कळलं, खरंच," ती म्हणाली. "पण तुम्हांला काय कळलं ते तरी सांगा."

नवरा उगाच वल्हं पुसू लागला. त्यालाही सांगता येईना. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग बाळाला त्याच्या हातात दिलं. "मी येईपर्यंत धरा," म्हणाली आणि टेकडीच्या वाटेला लागली.

आता बाळ हातात घेऊन कोणी वल्हं मारतं का? नवरा तिथेच उभा राहिला. बाळाने त्याची मिशी धरली. खलाशी हसून हसून वाकले, पण त्या गमतीत त्यांचेही दोर बांधलेलेच राहिले. तांडेलाला मात्र राग आला. बाईमाणसाच्या प्रश्नाने होड्या थांबायला लागल्या तर आपली तांडेलकी कसली? भरती भरताच त्याने आपल्या तीन खलाशांना घेतलं आणि होडी सोडली.

तोवर कोळीण धापा टाकत टेकडीवर पोचली होती. हाळीवाल्याला तिने तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, ते मला काय माहीत, मी ऐकलं तसं ओरडलो. मग मागच्याला विचारा, असं ती म्हणाली तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला. निरोप पुढे जायचा असतो, मागे कधी कोणी पाठवलाय? शिवाय मागचा हसेल, याला साधं वर कळत नाही म्हणेल.

"हसला तर माझ्यावर घाला, दादा," ती म्हणाली. "सांगा, सातव्या टेकडीची खुळी सून विचारते आहे."

हाळीवाल्याने नाइलाजाने तोंडाशी हात धरले आणि दक्षिणेकडे ओरडला. सहाव्याला उत्तर ठाऊक नव्हतं, त्याने पाचव्याला विचारलं. पाचव्याने चौथ्याला. प्रश्न एकेक टेकडी मागे जात राहिला आणि कोळीण दगडावर बसून दर्याकडे बघत राहिली. खाली एक शीड लांब लांब जात होतं. ते कुणाचं, ते इतक्या उंचावरून तिला ओळखू येईना. नवऱ्याचं तर नसेल? बाळ कुणाजवळ असेल? आपण शहाणपणा करतोय की वेडेपणा, हेही तिला कळेनासं झालं.

पहिल्या टेकडीवरचे लोक सगळा प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने करत. त्यांच्याकडे दक्षिण म्हणजे खाली आणि उत्तर म्हणजे वर. हे इतकं सरळ होतं की कुणाला समजावून सांगावं लागेल असं पहिल्या हाळीवाल्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याचं उत्तर सहा टेकड्या ओलांडून आलं.

"वर म्हणजे तुम्ही."

हाळीवाला पांढराफटक पडला. कोळिणीने डोक्यावरचा पदर सोडून हवेत फडकवला, हाळीवाल्याने जीव खाऊन हाका मारल्या. दूरच्या होडीतून तांडेलाने हात वर केला. त्याला वाटलं, निरोप देताहेत.

कोळीण धावत खाली आली. नवरा बाळाला घेऊन तिथेच उभा होता. मग कोणी काही विचारलं नाही. होड्या माडांच्या बुंध्यांपर्यंत ओढल्या, म्हाताऱ्यांना आणि पोरांना चढावरच्या देवळात नेलं. मधल्या गावांनाही उत्तर वाटेतच कळलं होतं, त्यांनीही तेच केलं. दुपारी तीनला वादळ आलं. छपरं उडाली, माड मोडले, बंदराचा दगडी धक्का फुटला. माणसं राहिली.

तिसऱ्या दिवशी तांडेल आणि दोन खलाशी सापडले, शेजारच्या वाळूच्या पुळणीवर, फळीला धरून. चौघे गेले होते, तिघे परत आले.

बरा झाल्यावर तो काठी टेकत कोळिणीच्या दारात आला. काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "पोरी, मलाही कळलं नव्हतं. पण तांडेलाने विचारायचं कसं?"

कोळिणीने त्याला बसायला पाट दिला. मग आतून पेजेची वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली.

तात्पर्य: न कळलेलं विचारलं तर लोक आठ दिवस हसतात. न विचारता कळल्याचं सोंग केलं तर जन्मभर रडावं लागतं.

ही गोष्ट तुमच्या घरात, शेजारात, दर्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगा. फक्त पुढे सांगताना एवढं करा, ज्याला सांगाल त्याला काय समजलं, ते एकदा विचारून घ्या.