एकाच कुत्रीची दोन पिल्लं

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याला एका गावात सगुणा नावाची कोष्टीण राहत होती. गावच्या जहागीरदाराला कुत्र्यांच्या झुंजी लावायचा भारी शौक. रुंद जबड्याचा आपला कुत्रा तो उपाशी ठेवायचा, काठीने डिवचायचा. एके सकाळी तो कुत्रा साखळी तोडून सुटला आणि पाण्याला निघालेल्या सगुणाचा हात त्याने धरला. चौघांनी ओढलं तेव्हा कुठे सोडला. जखम भरली, पण बोटांना मागावरचा धोटा पेलेना.

गाव खवळलं. जहागीरदाराने कुत्रा मारून टाकला आणि हात झटकले. पण ज्या कुत्रीच्या पोटी तो जन्मला, तिचंच दुसरं पिल्लू धुळा धनगराकडे वाढलं होतं.

"ही जातच खुनशी. तोही नको," पंच म्हणाले.

पाटील म्हणाले, "घाव सगुणेनं सोसलाय. तिनंच सांगावं."

"आधी मी त्याला बघते," सगुणा म्हणाली.

ओढ्यापलीकडे धुळाची मेंढरं चरत होती. त्यांच्यात तिला कुत्रा दिसला. तेच डोकं, तोच जबडा. ती अलीकडेच थांबली. इतक्यात एक कोकरू काठावरून घसरून पाण्यात पडलं. कुत्र्याने उडी घेतली आणि कोकराची मान तोंडात धरली. सगुणाने डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा कोकरू आईपाशी उभं होतं आणि कुत्रा त्याला चाटत होता. धुळाने कुत्र्याला बांधलं, मग कोकरू उचलून तिच्याकडे आणलं. तिने ओल्या लोकरीतून बोटं फिरवली. दाताचा एक ओरखडा नव्हता. तिने बांधलेल्या कुत्र्याकडे पाहिलं.

"हे याला कुणी शिकवलं?"

"कोकरांतच वाढला तो. मी कधी डिवचला नाही. पण बाई, ताकद तीच आहे. परकं माणूस आलं की मी त्याला बांधतोच."

सगुणा चावडीवर गेली. "धुळाचा कुत्रा राहू द्या. झुंजी बंद करा. आणि ज्यानं कुत्रा पाळला, त्यानं त्याच्या चाव्याचा जाब द्यावा."

"चावला कुत्रा. माझा काय दोष?" जहागीरदार म्हणाला.

सगुणाने वाकडी बोटं त्याच्यासमोर धरली. पंचांनी तिचा शब्द उचलून धरला. त्यानंतर गावात झुंज झाली नाही, आणि जहागीरदाराला सगुणाच्या घरी जन्मभर धान्य पोचवावं लागलं.

सगुणाची भीती मात्र गेली नाही. ओढ्याकडे गेली की धुळा कुत्र्याला बांधेपर्यंत ती लांब थांबायची, आणि मग त्या कुत्र्याकडे एकटक बघत राहायची.

तात्पर्य एवढंच: बळ जन्मासोबत येतं; ते कुठे वळलं, याचा जाब पाळणाऱ्याने द्यायचा असतो.