दंडाच्या तेलाचे दिवे

ऐका हं, ही फार जुनी गोष्ट आहे. राजाच्या दारात कुणीही उभं राहून दाद मागावी, अशा काळातली.

एका राज्यात एका शेठजींचे तेलाचे घाणे होते. अख्खं राज्य त्यांचंच तेल खायचं, दुसरं मिळतच नव्हतं. एकदा शेठजींना हाव सुटली. त्यांनी तिळात पिवळ्या धोत्र्याचं विषारी बी मिसळलं. घरोघरी माणसं आजारी पडली. एका कुंभाराचे तर पाय असे सुजले, की त्याला चाकापाशी बसता येईना.

त्या राज्यात दंड जिनसांत भरायची रीत होती. भेसळ उघडकीस आली, तेव्हा राजानं चिडून शेठजींना फर्मावलं, "हजार घडे चांगलं तेल महालात भरा!" लोकांनी टाळ्या पिटल्या. कुंभारणीनं देवापुढं साखर ठेवली. बिचारी!

शेठजींनी तेल भरलं खरं. पण कसं, माहितीय? घाण्यावरच्या गड्यांना रोज संध्याकाळी पळीभर तेल मिळायचं, ते बंद केलं. दुकानातल्या मापाच्या बुडाशी मेणाचा जाड थर दिला. दाम तेवढेच, तेल कमी. शेठजींच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही.

वैद्यानं कुंभाराच्या पायांना रोज तेल चोळायला सांगितलं होतं. कुंभारीण तेल घ्यायला गेली, तर ते एका पायालाही पुरेना.

दुकानातला गडी हळूच म्हणाला, "वहिनी, मापात मेण भरलंय. शेठजींचा दंड तुमच्याआमच्यातूनच चाललाय बघा."

बाई तडक महालावर गेली. तिथं दंडाच्या तेलाचे दिवेच दिवे! प्रधानजी म्हणत होते, "महाराज, न्यायाचा कसा लख्ख उजेड पडलाय!"

"महाराज," कुंभारीण म्हणाली, "यातला माझ्या घरचा दिवा कोणता?"

राजाला कळेना. "म्हणजे काय, बाई?"

"पाय सुजले माझ्या धन्याचे. दंडाचं तेल काढलं आमच्याच मापातून, आणि जळतंय तुमच्या महालात. आम्हाला दोनदा लुटलं, महाराज. एकदा शेठजींनी, आणि एकदा..." तिला रडूच फुटलं.

राजा शरमला. त्यानं स्वतःच्या हातानं दिवे विझवले आणि उरलेलं तेल आजाऱ्यांच्या घरी पोचवलं. मापातलं मेण खरवडलं, गड्यांची पळी पुन्हा सुरू केली. जळून गेलेल्या तेलाची भरपाई राजानं आपल्या खाजगी खजिन्यातून दिली, आणि आजाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च शेठजींवर टाकला; त्यापायी त्यांना राहती हवेली विकावी लागली. कुंभार पुढं चाकापाशी बसू लागला, पण त्याच्या चालण्यातलं लंगडणं काही गेलं नाही.

म्हणून सांगतो, दंड चूक करणाऱ्याच्याच घरातून निघावा आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याच दारी पोचावा, तेव्हाच त्याला न्याय म्हणावं.