सहाशे चाळीस ग्रॅम

"खोट सांगा बाबा. एक तरी खोट काढून दाखवा."

असं म्हणून त्यानं तंबू धुंडाबाबांच्या पुढ्यात ठेवला. तंबू कसला, भाकरीएवढी गुंडाळी. बाबांनी ती हातात घेतली, वरखाली केली, परत ठेवली.

"हलका आहे."

"सहाशे चाळीस ग्रॅम. दोऱ्या, खुंट्या सगळं धरून. मी स्वतः शिवलाय."

आडखिंडीतल्या मठीच्या पडवीत आम्ही तिघं बसलो होतो. बाबा, तो आणि मी. मी बमू झोरे, खालच्या वाडीचा. बाबांना दूध घालतो, चहा करतो. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

बाबांनी डोंगराची धार चाळीस वर्षं तुडवली, अंगावर एक घोंगडं घेऊन. आता गुडघे गेले म्हणून खिंडीत बसतात. धारेनं एकट्याला जायचं असलं की माणूस आधी त्यांना विचारतो. हो म्हणाले तर पुढं, नाही म्हणाले तर खाली. आमच्याकडं असंच आहे.

हा पुण्याचा. ओजस दातार, वय सत्तावीस. त्याला अकरा दिवस धारेनं एकट्यानं चालायचं होतं.

"आईनं शपथ घातलीय," तो म्हणाला. "बाबा हो म्हणाले तरच जा, नाहीतर घरी ये. म्हणून विचारतो. माझी तयारी पूर्ण आहे."

आईचा बाबांवर भरवसा होता, त्याला कारण होतं. तीन वर्षांमागं हाच गडी खालच्या ओढ्यात पाय मोडून पडला होता. बाबांनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. मग चौघांनी त्याला घोंगड्याच्या झोळीत घातलं, बांबू खांद्यावर घेतला आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालून डांबरी रस्त्याला नेऊन पोचवला.

त्या चौघांत मी होतो.

त्यानं मला ओळखलं नाही. "मामा, चहात साखर कमी," एवढंच म्हणाला. या ट्रेकिंगवाल्यांना आम्ही सगळेच मामा.

मीही बोललो नाही. मला काय गरज पडलीय.

"एकट्यानंच का जायचंय?" बाबांनी विचारलं.

त्यानं मोडलेला तो पाय चोळला.

"पुन्हा कुणाच्या खांद्यावर जायचं नाही, म्हणून."

"ते चौघं कोण होते?"

"गावातले... मामा लोक."

"नावं?"

"तेव्हा शुद्ध नव्हती बाबा. नंतर... लाज वाटली."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाच्या पातेल्याकडं पाहिलं.

त्यानं वही काढली. तिच्यात एका पानावर सगळ्या सामानाचं वजन मांडलेलं. चमचा किती, मोजे किती, काडेपेटी किती. दात घासायच्या ब्रशाचा दांडा कापून टाकलेला. शर्टाच्या कॉलरमधली चिठ्ठीसुद्धा उसवलेली.

"दोन ग्रॅम," तो म्हणाला.

"दोन ग्रॅमनं काय होतंय?" मी विचारलं.

"असं दोन-दोन करत दीड किलो उतरवलंय, मामा."

"मग डोकं पण ठेवून यायचंस घरी."

बाबा हसले. तोही हसला, पण त्याला आवडलं नाही.

"लाव बघू," बाबा म्हणाले.

त्यानं जागा शोधली. आमची खिंड म्हणजे सगळा कातळ. मधेच कुठं हिरवळीचा तुकडा. त्यानं बरोब्बर तोच धरला, सपाट, मऊ, चटईसारखा. तिथं कापड अंथरलं, चालायची काठी मधे उभी केली, तिच्यावर कापड चढवलं आणि सहा खुंट्या ठोकल्या. ठोकल्या म्हणजे काय, अंगठ्यानं दाबल्या.

"लोण्यात गेल्यासारख्या गेल्या!" तो खुशीत ओरडला.

त्या जागी आम्ही खुंटी मारत नाही. माती चार बोटं, खाली कातळ. जे मऊ जातं ते मऊच निघतं. म्हैस बांधायची झाली तरी आम्ही दगडाला बांधतो.

मी तसं सांगितलं. म्हटलं, "दोरीवर धोंडा ठेव. धोंडे काय कमी आहेत का इथं?"

"नाही मामा. माझ्या पाठीवर जे आलं, तेवढ्यावरच उभा राहिला पाहिजे. दगड लावला तर परीक्षा कसली?"

"धोंडा काय तुला उचलून न्यायचाय?"

"मामा, तुम्ही चहा बघा."

मी उठणार होतो. तोंडावर चार शब्द आले होते.

"बमू," बाबा म्हणाले. "गप."

गप बसलो.

आश्विनातली दुपार. पश्चिमेकडून ढग चढत होता, काळा, तळाशी पिवळा. परतीचा पाऊस असाच येतो आमच्याकडं, सांगून येतो आणि मारून जातो. आम्हा वाडीच्या लोकांचं अशा वेळी गुरांकडं लक्ष. याला आनंद झाला.

"वाऱ्यातच खरं कळेल. मी आत बसतो. तुम्ही बाहेरून बघा, आणि मग हो म्हणा."

"बघतो," बाबा म्हणाले.

ते घोंगडं डोक्यावरून घेऊन पडवीतून उतरले, गुडघे धरत धरत गेले आणि तंबूच्या पश्चिमेच्या कोपऱ्याशी जाऊन बसले. मुख्य दोरीच्या शेजारी.

"आत बोलावलं असतं बाबा," कापडाच्या आतून आवाज आला. "पण एकट्याचाच आहे."

"असू दे. मी इथं बरा."

वारा आला.

पहिल्या झोताला तंबूनं पोट आत घेतलं. दुसऱ्या झोताला पश्चिमेची खुंटी मातीचा डिखळा घेऊन वर उडाली. काठी कलली. मी म्हटलं, गेला.

गेला नाही. बाबांनी दोरी धरली. तळव्याला दोन वेढे घातले, मूठ मिटली आणि हात घोंगड्यात ओढून घेतला. तंबू ताठ झाला.

मी धोंडा उचलून धावत गेलो. बाबांनी मान हलवली. नाही.

मी धोंडा पोटाशी धरून तसाच उभा, येड्यासारखा. मग पाऊस आला. मी धोंडा तिथंच टाकला आणि पडवीत आलो.

म्हातारा ऐंशीचा. त्या पोराला मी मनातल्या मनात काय काय म्हणालो ते लिहीत नाही. आईबहीण वाचतात.

पाऊण तास चाललं. चहा दोनदा उकळून आटला. वारा कापडाला धरून हिसके देत होता, आणि घोंगड्याखालचा तो गोळा हिसक्याबरोबर पुढं जायचा, मागं यायचा. पुढं, मागं. तोंडातून आवाज नाही.

आतून शीळ ऐकू येत होती. कुठलं तरी गाणं वाजवत होता.

मग पाऊस जसा आला तसा सरकला. खाली कोकणात ऊन पडलेलं दिसलं.

तो बाहेर आला. आधी आभाळाकडं पाहिलं, मग तंबूकडं. कापडावर टिचकी मारली, थेंब उडाले. आत वाकून हात फिरवला. मग वही काढली आणि उभ्या-उभ्या लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेला.

"वारा, पास. गळती नाही. आतून दव, थोडं, डोक्याच्या बाजूला. बाहेरची मदत, शून्य." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बघितलंत मामा? एक दगड लागला नाही."

मी तोंड उघडलं.

बाबा म्हणाले, "शेवटचं परत वाच."

"बाहेरची मदत, शून्य."

बाबांनी घोंगड्यातून हात बाहेर काढला. आणि मूठ उघडली.

दोरी सटकली. काठी आडवी झाली. तंबू एकदा फडफडला आणि चिखलात बसला.

...

कड्यावरून पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.

बाबांच्या तळव्यावर दोन लाल वळ होते. बारीक दोरी, सुतळीपेक्षा बारीक. एका जागी कातडं सोलून निघालं होतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं. बाबांना नाही, मला.

"दुसऱ्या झोतापासून."

"बाबा... हाक का नाही मारलीत?"

"शीळ छान घालतोस," बाबा म्हणाले.

तो खाली बसला. चिखलातच. त्यानं बाबांचा हात आपल्या मांडीवर घेतला, बाटलीतलं पाणी घालून धुतला. पिशवीतून औषधाची पट्टी काढली. अकरा दिवसांसाठी एकच आणली होती त्यानं, वजनापायी. ती फाडली आणि बाबांच्या हाताला लावली.

मग उठला आणि धोंडे गोळा करायला लागला. मी सांगितलं नाही, बाबांनीही नाही.

धोंडा उचलायची आमची रीत आहे. आधी कडेनं हलवायचा, खाली विंचू-किरडू असलं तर त्याला जायला वेळ द्यायचा. आणि मुक्काम हलवताना धोंडा त्याच्या जागी, होता त्याच कुशीवर परत ठेवायचा. बाबा आणखी एक करतात. उचलायच्या आधी धोंड्याला हात लावतात आणि तो हात कपाळाला लावतात. चाळीस वर्षं त्यांनी ज्याला ज्याला टेकून पाठ टाकली, त्या सगळ्याला असा हात लावलाय.

मी रीत दाखवली, बाबा काय करतात तेही सांगितलं. दोरी काटकीला बांधायची, काटकीवर धोंडा. त्यानं तसं केलं. शेवटचा धोंडा पश्चिमेचा होता, मी टाकून दिलेला तोच. तो उचलायच्या आधी त्यानं त्याला हात लावला. आणि कपाळाला लावला.

तंबू उभा राहिला. मी लाथ मारून पाहिली. हलला नाही.

तो बाबांसमोर येऊन उभा राहिला. अंगभर चिखल.

"मग... घरी जाऊ?"

"का?"

"नापास झाला ना."

"तंबूला काय झालंय? चांगला आहे. आत कोरडा राहिलास की. उद्या उजाडलं की नीघ. आईला सांग, बाबा हो म्हणाले."

त्यानं पुन्हा वही काढली.

बाबांनी त्याला वाटेवरची पाणी धरणारी टाकी सांगितली, कुठली गोड, कुठली नुसती दिसायला. कुठल्या धनगरवाड्यावर कुत्री सोडलेली असतात आणि तिथं आधी लांबून हाक द्यायची, तेही सांगितलं. त्यानं सगळं लिहून घेतलं. मग पेन्सिल तशीच धरून बसला.

"बाबा, ते चौघं. त्यांची नावं तुम्हाला ठाऊक असतील."

"मला काय विचारतोस? तुझ्या चहात साखर कमी घालतोय तो."

तो माझ्याकडं वळला. बघतच राहिला.

"मामा... तुम्ही?"

"पुढचा उजवा खांदा," मी म्हणालो. "आणि तू काही सहाशे चाळीस ग्रॅम नव्हतास."

तो हसायला गेला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. पाया पडायला वाकला. मी पाय आखडून घेतले. मला असलं जमत नाही. पण त्यानं धरलेच.

"बाकीचे, मामा?"

"नवलू येडगे. कोंडू आखाडे. आणि धाकलू झोरे, माझा चुलतभाऊ."

"धाकलूमामा कुठं भेटतील?"

"नाही भेटायचा. माघात गेला."

...

"तो विचारायचा अधनंमधनं," मी सांगितलं. "त्या पुण्याच्या पोराचा पाय आला का रं सरळ?"

"आला, मामा."

"बघतोय की."

मी चुलीकडं तोंड केलं. धूर फार झाला होता.

मागं वळून पाहिलं तेव्हा त्यानं वही उघडली होती. तेच वजनाचं पान. तंबू, सहाशे चाळीस, याच्या खाली त्यानं चार नावं लिहिली होती. नवलू येडगे. कोंडू आखाडे. धाकलू झोरे. बमू झोरे. माझं नाव कुणी इतक्या सुबक अक्षरात लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

नावांपुढं आकड्यांची जागा रिकामी होती. पेन्सिल तिथं येऊन थांबली.

"बाबा, यांच्यापुढं वजन किती लिहू?"

बाबांनी पट्टी लावलेला हात मांडीवर उताणा ठेवला.

"त्यांनी तुझं लिहिलं होतं?"