वाढलेल्या बांगड्या

एकदा एका बांगड्या घडवणाऱ्यांच्या गावी एक वृद्ध वैद्य येऊन राहिले. गावात काचेच्या भट्ट्या. त्यांचा धूर छातीत बसे, आणि एकदा जडलेला खोकला जन्मभर सोबत करी. वैद्यांनी भट्ट्यांची धुराडी उंच करवून घेतली आणि खोकणाऱ्यांना रोजचा काढा सुरू केला.

रोग किती आहे ते कळावं म्हणून त्यांनी एक रीत घातली. खोकला जडला, की त्या माणसाच्या नावाची बांगडी दवाखान्यातल्या टोपलीत पडायची, दर वर्षी निराळ्या रंगाची. माणूस गेला, की घरच्यांनी ती उचलून दवाखान्याच्या अंगणात वाढवायची. बांगडी फुटली असं म्हणणं अशुभ, म्हणून त्या गावातही वाढली असंच म्हणत. त्या काचांचा दर पाडव्याला नवा ढीग सुरू होई.

काही वर्षांनी, पाडवा तोंडावर आला असताना, टोपली काठोकाठ भरली आणि पाटील आले.

"वैद्यबुवा, पूर्वी टोपली अर्धी असायची. उंच धुराड्याला लाकूडही जास्त लागतं, आणि खोकणारे तर वाढलेच. उद्या धुराडी उतरवतो. काढाही पुरे झाला."

ओट्यावर भट्टीवाली चंद्राक्का काढ्यासाठी बसली होती. तिनं भांडं तेवढं पदराखाली घेतलं.

वैद्यांचा शिष्य गोंधळला. टोपली त्यानंच मोजली होती, पाटलांचं बोलणं खोटं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "बुवा, रोगी वाढलेत हे खरं आहे."

वैद्यांनी केरसुणी घेतली आणि अंगण झाडू लागले. शिष्याला कुठं तोंड लपवावं कळेना.

पाटील हसले. "झाडा, झाडा. जाताना जागा स्वच्छ करून द्यावी."

पालापाचोळा सरला आणि खालचे काचांचे ढीग उघडे पडले.

"बाळा, वाढलेल्या बांगड्या मोजल्यास का?" वैद्यांनी विचारलं.

"मोजल्या की. टोपलीभर आहेत."

"त्या वाढायच्या राहिल्यात. वाढलेल्या या इथं आहेत."

शिष्यानं पाहिलं. जुने ढीग घमेल्या-घमेल्याचे होते. यंदाचा ओंजळभर.

वैद्य सावकाश म्हणाले, "टोपलीला दोन वाटा असतात, बाबा. एका वाटेनं रोग येतो, दुसरीनं माणूस जातो. पूर्वी माणसं भराभर जात, म्हणून टोपली रिकामी दिसे. आता ती खोकतात, पण राहतात. टोपली भरली ती त्यांच्यामुळं."

"आणि धुराड्यांचं काय?" पाटलांनी विचारलं.

"यंदा खोकला जडला, त्यांचा रंग हिरवा. टोपलीत हिरव्या शोधा."

पाटलांनी टोपली उपसली. पिवळ्या, निळ्या, पुन्हा पिवळ्या. हिरव्या शोधाव्या लागल्या. त्यांनी त्या थोड्याशा हिरव्या ओट्यावर ठेवल्या. मग म्हणाले, "राहू देत धुराडी. काढाही चालू द्या."

शिष्याचा गोंधळ मात्र फिटला नव्हता. "पण बुवा, टोपली भरली हे चांगलं म्हणायचं की वाईट?"

"चंद्राक्काला विचार."

चंद्राक्का आधी पोटभर खोकली. मग पाटलांनी उपसलेल्या बांगड्यांतली एक निळी उचलून तिनं पुन्हा टोपलीत ठेवली.

"ही माझी," ती म्हणाली. "असू दे तिथंच."

आकडा वाढला असं कुणी सांगितलं, तर आधी शांतपणे विचारावं, की बाबा, वाढला म्हणजे नेमकं काय झालं?