घट्ट गोळी

"माझी एकही गोळी फुटली नाही, उस्ताद. मग लोक परत का आले?"

उस्ताद हुसेन पिंजारी गोळ्यांच्या मशीनला तेल देत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"एकही नाही?"

"एकही नाही. डबा उघडून बघा."

सातपुड्याच्या पायथ्याशी एक सेवाभावी दवाखाना होता. त्याच्या मागच्या शेडमध्ये डोंगरातल्या पाड्यांसाठी तापाच्या गोळ्या बनत. अडतीस वर्षं त्या उस्तादांनीच बनवल्या. शैलेंद्र बोरसे समुद्रापलीकडे धातूंचं शास्त्र शिकला होता. तिथली नोकरी सोडून तो आपल्या माणसांची सेवा करायला परत आला होता. महिन्यापूर्वी उस्तादांनी मशीन त्याच्या हाती दिलं.

उस्तादांच्या गोळ्या घाटात जीपमध्ये आपटून निम्म्या चुरा व्हायच्या. शैलेंद्रने दाबाचं चाक आवळलं. मग आणखी आवळलं. त्याची गोळी फरशीवर आपटली तरी टवका उडत नव्हता.

आणि आज घाटावरून अकरा जण तापाने फणफणत दवाखान्यात आले होते. उद्या सकाळी जीप गोळ्या घेऊन पुन्हा वर जाणार होती.

शेडच्या दारात वेस्ता पाडवी उभा होता. त्याची मुलगी आत सलाईनवर होती.

"दादा, तुमची गोळी एक नंबर," वेस्ता म्हणाला. "पोरीला दुपारी दिली. दुसऱ्या दिवशी परसाकडे गेली, तर तशीच बाहेर. आमची बाई विचारते, धुऊन पुन्हा द्यायची का?"

उस्ताद हसले. शैलेंद्र हसला नाही.

"असं कसं होईल?"

"मला विचार," उस्ताद म्हणाले. "काल अंग तापलं म्हणून मीही तुझीच घेतली. अजून फिरतेय पोटात. घर सापडेना बिचारीला."

उस्तादांनी एका ग्लासात पाणी घेतलं, शैलेंद्रची एक गोळी त्यात टाकली आणि चहा मागवला.

तिघांनी चहा घेतला.

चहा संपला. उस्तादांनी ग्लास हलवला.

टक्... गोळी काचेवर वाजली.

शैलेंद्र त्या ग्लासाकडे बघत राहिला.

"म्हणजे मी त्या पोरीला दगड खायला घातला."

उस्तादांनी ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे तुमच्या फुटक्या गोळ्याच बऱ्या होत्या?"

"फुटक्या अर्ध्या घाटात सांडतात."

"उरलेला चुरा आम्ही कागदावरनं चाटायचो," वेस्ता म्हणाला. "कुणाला किती मिळाला, देव जाणे."

"मग घट्टच हवी ना!"

"कुणाला? जीपला?"

शैलेंद्रने कपाळाला हात लावला.

"उस्ताद, सरळ सांगा. गोळी घट्ट हवी की ठिसूळ?"

"हो."

"हो काय?"

"हो."

शैलेंद्रने रागाने चाक ढिलं केलं. मशीनमधून गोळ्या पाडल्या, डब्यात घालून डबा जोरजोरात हलवला. चुरा झाला. चाक थोडं आवळलं. गोळ्या डब्यात टिकल्या, पण पाण्यातही टिकल्या. पुन्हा ढिलं. पुन्हा आवळलं. त्याने वहीत आकडे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. वेस्ता मध्ये मध्ये आत जाऊन मुलीला बघून यायचा.

"उतरला का ताप?" शैलेंद्र दर वेळी विचारायचा.

"आहे अजून."

उन्हं कलली तेव्हा एक गोळी डब्यात टिकली, आणि पाण्यात पडल्यावर बघता बघता फुलली, विस्कटली. पाणी दुधासारखं झालं.

"जमलं!" शैलेंद्र ओरडला. त्याने चाकावर खडूने खूण केली. "हाच दाब. आता रात्रंदिवस याच आकड्यावर मशीन चालेल."

पुढच्या दहा गोळ्या पाडल्या. त्या डब्यातच फुटल्या.

"पण मी चाकाला हातही लावला नाही!"

"तू नाही लावलास," उस्ताद म्हणाले. "ऊन उतरलं. पावडरीने हवेतली ओल घेतली."

"मग तुम्ही अडतीस वर्षं बरोबर कसं केलंत?"

"बरोबर केलं असं कोण म्हणालं? हा काय दारात उभा आहे. विचार त्याला."

वेस्ताने मान दुसरीकडे वळवली.

शैलेंद्र स्टुलावर बसला. त्याचे हात पावडरीने पांढरे झाले होते.

"मशीन परत घ्या, उस्ताद. मला काही कळत नाही."

"कशाला घेऊ? माझ्या गोळ्या वाटेत सांडतात."

"आणि माझ्या कुणाच्या अंगी लागत नाहीत! आत अकरा जण पडलेत. वर आणखी किती असतील. उद्या जीपमध्ये मी काय पाठवू?"

उस्तादांनी मशीनवर सांडलेली पावडर फडक्याने पुसली.

"बरं, एवढं तरी करा," शैलेंद्र म्हणाला. आवाज आता रडवेला झाला होता. "तुमची एक चांगली गोळी द्या. अडतीस वर्षांतली एक. समोर ठेवीन. तिच्याकडे बघून तशीच बनवीन."

उस्ताद उठले. फळीवरची पहिली बरणी त्यांनी उघडली. तीत चुरा होता. दुसरीत टवके उडालेल्या गोळ्या होत्या. तिसरीत शैलेंद्रच्या गोळ्या होत्या, गुळगुळीत, चकचकीत, जशा पडल्या तशा. उस्तादांनी तिन्ही बरण्यांत बोटं घालून पाहिलं आणि झाकणं लावली.

मग त्यांनी शैलेंद्रला हाताला धरून उठवलं. चाकावरची खडूची खूण अंगठ्याने पुसली. त्याचा हात चाकावर ठेवला.

"चांगल्या होत्या, त्या लोकांच्या अंगी लागल्या; त्यांतली एकही उरली नाही, बेटा."