भागाई सुईण आणि गावची कुजबुज

ही फार जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि थोरांनी विसरू नये अशी.

नदीकाठच्या एका गावात भागाई नावाची सुईण राहत होती. निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्मलं होतं. एके सकाळी कुंभाराच्या सुनेला मोकळं करून ती रीतीप्रमाणे बाळामागून पडलेली वार पुरायला वडाखाली गेली. गुराख्याची नवी नवरी दूर देशची. तिला ही रीत ठाऊक नव्हती. ती पाटलिणीला, अंबाक्काला, एवढंच म्हणाली, "भागाई वडाखाली काहीतरी पुरत होती."

अंबाक्काने ते शेजारणीला सांगितलं, पण आवाज जरा खाली आणून. हळू सांगतेय म्हणजे वाईटच असणार, असं शेजारणीला वाटलं. पाणवठ्यावर त्या "काहीतरी"चं लिंबू झालं आणि दिवस कलेपर्यंत बाहुली. त्यातच सुताराचं पोर तापानं गेलं.

"भागाईनं करणी केली!" गाव ओरडलं.

भागाईच्या दारावर दगड पडू लागले. ती उंबऱ्यात येऊन म्हणाली, "अरे, मला एकदा विचारा तरी!"

कुणी विचारलं नाही. अंबाक्का गर्दीतच होती. पुढे व्हावं, असं तिला वाटलं. पण एवढी माणसं खोटं कशाला बोलतील, म्हणून ती गप्प राहिली. भागाई नदीपलीकडे निघून गेली.

पावसाळ्यात अंबाक्काची लेक केवडा बाळंतपणाला माहेरी आली. मूल आडवं आलं. गडी नाव घेऊन पलीकडे गेला. निरोप ऐकताच भागाई हातातला घास टाकून निघाली. पण नदी फुगली होती, नाव पुढे सरकेना; पोचेपर्यंत फार उशीर झाला.

भागाईनं मूल वाचवलं. केवडा गेली.

नात अंबाक्काच्या ओटीत ठेवताना भागाई म्हणाली, "त्या दिवशी गर्दीत तुम्ही दिसलात, अक्का. वाटलं होतं, तुम्ही तरी विचाराल."

अंबाक्कानं तेव्हा विचारलं, आणि वडाखाली पुरली होती ती वारच, हे गावाला कळलं. गावानं पुष्कळ विनवलं, तरी भागाई परतून राहायला आली नाही.

त्यानंतर कुणी "ऐकलंत का?" म्हणत आलं, की अंबाक्का नातीला उराशी धरून विचारायची, "तू स्वतः पाहिलंस? ज्याच्याबद्दल बोलतोस, त्याला विचारलंस?" बहुतेक जण मान खाली घालून परत जायचे.

तात्पर्य : ऐकलेलं न पडताळता पुढे सांगणारा आणि शंका येऊनही गप्प राहणारा, दोघेही त्या खोट्याचे वाटेकरी असतात.